रिट्राय लिहायला शिकताना: किती थांबायचं, कितीदा करायचं

सकाळी साडेसहाला फोन वाजला. एका शिकवणी वर्गासाठी मी फीची आठवण करून देणारे एसएमएस पाठवणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला होता, आणि फोनवर वर्गाचे सर होते. "अहो, पालकांचे फोन सुरू झालेत. एकेकाला पाच-पाच मेसेज गेलेत, तेही रात्री साडेअकराला." लॉग उघडला तर प्रत्येक नंबरापुढे एकच ओळ पाचदा होती: टाइमआउट, पुन्हा प्रयत्न. माझा कोड उत्तरासाठी पाच सेकंद वाट बघायचा. त्या रात्री समोरचा सर्व्हर सात-आठ सेकंद घेत होता. मेसेज पहिल्याच खेपेला स्वीकारला जात होता, पण तसं उत्तर येण्याआधीच मी फोन ठेवून पुन्हा लावत होतो.

पाच वेळा फिरणारा लूप, आत ट्राय-कॅच, चुकलं की एक सेकंद झोप. शिकताना बहुतेक जण पहिल्यांदा हेच लिहितात आणि ते चालतंही. रिट्राय म्हणजे समोरच्याच्या दारात पुन्हा जाऊन उभं राहणं असतं, हे मला तोवर कळलं नव्हतं. तो गर्दीत अडकलाय, बंद पडलाय की त्याने काम केव्हाच करून टाकलंय, हे त्या लूपला कळायला मार्गच नव्हता. हा लेख नुकतंच कोडिंग शिकलेल्यांसाठी आहे. थांबणं आणि पुन्हा करणं या दोन गोष्टींची स्वतःची छोटी साधनं आपण पायरीपायरीने बांधू. कोड मराठी आराखड्यात लिहितो, म्हणजे तो पायथन, जावा, जावास्क्रिप्ट कशातही उतरवता येईल.

## आधी नुसतं थांबणं

थांबायचं साधन प्रत्येक भाषेत तयारच मिळतं. पायथनमध्ये टाइम मॉड्यूलमधलं स्लीप, जावात थ्रेडचं स्लीप, जावास्क्रिप्टमध्ये सेटटाइमआउट. पहिली गफलत होते ती एककात. पायथनचं स्लीप सेकंद घेतं, बाकीची दोन मिलिसेकंद घेतात. पायथनमध्ये अर्ध्या सेकंदासाठी ५०० लिहिलंत तर प्रोग्राम ८ मिनिटं २० सेकंद गप्प बसेल. उलट जावात पाच सेकंदांसाठी ५ लिहिलंत तर तो थांबला हेही जाणवणार नाही. म्हणून काळाच्या व्हेरिएबलच्या नावातच एकक घाला: थांब_सेकंद, थांब_मिलिसेकंद. एवढ्या एका सवयीने बरेच बग जन्मालाच येत नाहीत.

दुसरी गोष्ट, स्लीप कोणाला झोपवतं ते पाहा. साध्या स्क्रिप्टमध्ये थ्रेड एकच असतो, तो झोपला तरी बिघडत नाही. पण मोबाइल ॲपमध्ये स्क्रीन सांभाळणारा थ्रेड झोपवला तर बटणं दाबली जात नाहीत आणि ॲप अडकलं असं वाटतं. पायथनच्या असिंक-आयओमध्ये तर साधं टाइमचं स्लीप वापरलं की अख्खा इव्हेंट लूप थांबतो, म्हणजे एका कामासाठी बाकीची शंभर कामं ताटकळतात. तिथे असिंक-आयओचं स्वतःचं स्लीप, तेही अवेट लावून, वापरायचं. जावास्क्रिप्टमध्ये सेटटाइमआउटला प्रॉमिसमध्ये गुंडाळून 'थांब' नावाचं दोन ओळींचं फंक्शन करून ठेवा, सगळीकडे तेच वापरता येतं.

सेटटाइमआउटचा आणखी एक खड्डा आहे. त्याचा काळ ३२ बिटांच्या पूर्णांकात साठवला जातो, त्यामुळे कमाल मर्यादा २,१४७,४८३,६४७ मिलिसेकंद, म्हणजे साधारण २४.८ दिवस. तीस दिवसांनी चालायचं काम त्यावर टाकलंत तर ते तीस दिवसांनी होण्याऐवजी जवळपास लगेचच होतं.

जावावाल्यांसाठी एक सूचना. झोपलेल्या थ्रेडला बाहेरून उठवलं की इंटरप्टेड एक्सेप्शन येतं. ते रिकाम्या कॅचमध्ये गिळून टाकू नका. 'आता आवरतं घे' असा तो निरोप असतो. एक्सेप्शन वर जाऊ द्या, किंवा थ्रेडवर इंटरप्टची खूण परत लावून बाहेर पडा. नाहीतर प्रोग्राम बंद करायला सांगितल्यावरही तुमचा लूप फिरतच राहतो.

## अट पुरी होईपर्यंत थांबणं

"रिपोर्ट तयार व्हायला दहाएक सेकंद लागतात, म्हणून दहा सेकंद स्लीप टाकलाय." असा कोड मी स्वतः लिहिलाय आणि दुसऱ्यांचाही खूप पाहिलाय. रिपोर्ट तीन सेकंदांत तयार झाला तर सात सेकंद वाया, आणि बारा लागले तर कोड तोंडावर आपटतो. त्याऐवजी थोड्या थोड्या वेळाने डोकावून बघणारं साधन लिहा:

```
वाट_बघ(अट, मुदत_सेकंद, अंतर_सेकंद):
    शेवट = आत्ताची वेळ + मुदत_सेकंद
    कायम फिर:
        अट खरी असेल तर बाहेर पड
        आत्ताची वेळ >= शेवट असेल तर
            "वाट बघून मुदत संपली" अशी चूक फेक
        अंतर_सेकंद झोप
```

झोपण्याआधी अट तपासली आहे, हे बघा. काम आधीच झालं असेल तर उगाच एक अंतर वाया जात नाही. आणि शेवटच्या झोपेनंतरही, मुदत संपल्याची चूक फेकण्याआधी अट आणखी एकदा तपासली जाते. ऐन शेवटच्या क्षणी झालेलं काम हुकत नाही ते यामुळे. चुकीच्या मजकुरात शेवटी काय दिसलं तेही लिहा. नुसतं "मुदत संपली" वाचून मध्यरात्री कुणाला काही कळत नाही. "रिपोर्टची स्थिती अजून 'रांगेत' आहे" हे वाचून कळतं.

ब्राउझरच्या चाचण्या लिहिणारे सेलेनियममध्ये जे वेबड्रायव्हर वेट वापरतात ते आतून हेच करतं. वेगळं काही सांगितलं नाही तर ते दर अर्ध्या सेकंदाने डोकावतं.

आता 'आत्ताची वेळ' कुठून आणायची? भिंतीवरच्या घड्याळातून नको. कॉम्प्युटरची तारीख-वेळ मागेपुढे होऊ शकते: कोणी हाताने बदलतं, नेटवर्कवरून ती जुळवली जाते, कधी लीप सेकंद येतो, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घड्याळात एक जादा सेकंद घालतात. मोजायचं असेल तेव्हा फक्त पुढेच जाणारं मोनोटॉनिक घड्याळ घ्या. पायथनमध्ये ते मोनोटॉनिक या नावानेच ३.३ आवृत्तीपासून आहे, जावात नॅनोटाइम आहे. हे दुर्लक्षित केल्याने काय होतं त्याचं गाजलेलं उदाहरण २०१६ आणि २०१७ यांच्या सांध्यावरचं. त्या रात्री एक लीप सेकंद घातला गेला. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या) दोन वेळांची वजाबाकी उणे आली, ती यादृच्छिक संख्या काढणाऱ्या फंक्शनमध्ये गेली आणि प्रोग्राम कोसळला. वेळ कधी मागे जाणार नाही, असं त्या कोडने गृहीत धरलं होतं. ते सॉफ्टवेअर गो भाषेतलं होतं, आणि २०१७ मध्येच आलेल्या गो १.९ पासून त्या भाषेच्या वेळेत मोनोटॉनिक मोजणी आपोआप असते.

## ठरल्या वेळी करणं

हा भाग थोडक्यात. दर पाच मिनिटांनी काम करायचं म्हणजे काय, याचे दोन अर्थ होतात. एक, घड्याळाप्रमाणे १०:००, १०:०५, १०:१० ला. दुसरा, एक काम संपल्यापासून पाच मिनिटांनी पुढचं. जावाच्या शेड्यूल्ड एक्झिक्युटरमध्ये यासाठी फिक्स्ड रेट आणि फिक्स्ड डिले अशी दोन वेगळी मेथड आहेत. कामाला किती वेळ लागेल हे नक्की नसेल तर दुसरीच घ्या. याच एक्झिक्युटरची एक खोड मात्र लक्षात ठेवाच: तुमच्या कामातून एकदा जरी एक्सेप्शन बाहेर पडलं तरी पुढच्या सगळ्या फेऱ्या गुपचूप बंद होतात. प्रोग्राम चालू, थ्रेड चालू, काम मात्र होत नाही. कामाच्या सगळ्यात बाहेरच्या पातळीवर चूक पकडून तिची नोंद करा.

ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारं क्रॉन वापरत असाल तर रात्री बाराच्या ठोक्याला काही लावू नका. सगळे तेव्हाच लावतात. २:१७ सारखी आडवेळ घ्या. ही आडवेळ का, ते पुढे येईलच.

## चूक कुठल्या जातीची आहे?

रिट्राय लिहिताना पहिला प्रश्न हा. पुन्हा केल्याने जी चूक सुटू शकते तिच्यासाठीच रिट्राय आहे. पासवर्ड चुकला असेल तर शंभरदा पाठवला तरी चुकीचाच राहील, वर खातं लॉक व्हायची भीती.

वेबवरच्या सेवांशी बोलत असाल तर एचटीटीपीचे क्रमांक बरंच सांगतात. ४०० म्हणजे तुमची विनंतीच चुकीची, ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे ती गोष्टच नाही. यांना पुन्हा करण्यात अर्थ नाही. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा विचारताय, ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही, ५०२ आणि ५०४ म्हणजे मधल्या सर्व्हरला मागच्याकडून नीट किंवा वेळेत उत्तर मिळालं नाही. इथे थांबून पुन्हा करणं योग्य. ५०० मध्येच अडकतो. ती तात्पुरती अडचणही असेल किंवा तुमच्या डेटामुळे दर वेळी फुटणारा त्यांच्याकडचा बगही असेल. मी ५०० ला एखादीच संधी देतो.

४२९ आणि ५०३ बरोबर कधीकधी रिट्राय-आफ्टर नावाचा हेडर येतो. त्यात किती सेकंदांनी या, किंवा अमुक तारीख-वेळेनंतर या, असं लिहिलेलं असतं. समोरचा स्वतःहून वेळ सांगत असेल तर ती पाळायची. ती वाचणारा कोड दोन्ही रूपं ओळखेल असा लिहा, कारण नवखे सेकंदांचा आकडा धरून चालतात आणि तारीख आली की तिथेच नवी चूक फुटते.

'या चुका सोडून बाकी सगळ्या पुन्हा' अशी यादी करू नका. 'फक्त या चुका पुन्हा' अशी करा. पहिल्या पद्धतीत व्हेरिएबलच्या नावातली टायपिंगची चूकसुद्धा पाचदा चालवून पाहिली जाते. पायथनमध्ये नुसतं एक्सेप्ट लिहिलं की कंट्रोल-सी दाबलेलंही पकडलं जातं, आणि प्रोग्राम बंद करता करता नाकी नऊ येतात.

## दोनदा झालं तर चालेल का?

माझ्या एसएमएसचा घोळ इथे झाला होता. टाइमआउट म्हणजे काम झालं नाही असं नसतं. झालं की नाही हे आपल्याला कळलेलं नसतं. यूपीआयने पैसे पाठवताना हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. दुकानात उभे असतो, स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतं, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज येतो आणि दुकानदार म्हणतो, "आमच्याकडं आले नाहीत." अशा वेळी जाणता माणूस लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करत नाही. तो व्यवहाराची स्थिती बघतो. कोडनेही तेच करायला हवं.

वाचण्याची कामं निर्धास्त पुन्हा करता येतात. हवामानाचा अंदाज दहा वेळा मागवला तरी पाऊस बदलत नाही. 'पत्ता हा ठेव' असं सांगणारं कामही दोनदा चालतं, शेवटी पत्ता तोच राहतो. 'शिल्लकेत शंभर मिळव', 'मेसेज पाठव', 'ऑर्डर टाक' ही कामं मात्र दर खेपेला नवा परिणाम करतात. एचटीटीपीच्या नियमांतही हा भेद आहे: गेट, पुट, डिलीट ही पुन्हा केली तरी परिणाम एकदाच व्हावा अशी अपेक्षा असते, पोस्टबद्दल तशी हमी नसते.

उपाय असा, की कामाला एक ओळखक्रमांक द्यायचा आणि तो प्रत्येक खेपेला तोच पाठवायचा. समोरच्याने हा क्रमांक आधी पाहिला असेल तर काम पुन्हा न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. पैशांच्या बऱ्याच सेवा याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. यात एक जागा हमखास चुकते: क्रमांक लूपच्या बाहेर, पहिल्या प्रयत्नाआधी तयार करायचा. लूपच्या आत तयार केलात तर दर खेपेला नवा क्रमांक जाईल आणि समोरच्याला ती पाच वेगवेगळी कामं वाटतील. मी नंतर प्रत्येक पालकासाठी 'विद्यार्थी क्रमांक, महिना, मेसेजचा प्रकार' मिळून एक ओळख बनवली. सेवा देणारे ती ओळख तपासत नव्हते, म्हणून माझ्याच डेटाबेसमध्ये 'पाठवायला घेतला' अशी नोंद आधी करायची, आणि टाइमआउट आला तर पुन्हा पाठवण्याऐवजी त्यांच्याकडे डिलिव्हरीची स्थिती विचारायची, असं केलं.

समोरचा क्रमांकही ओळखत नसेल आणि स्थितीही सांगत नसेल तर अशा कामाला आपोआप रिट्राय लावू नका. नोंद करून माणसाच्या नजरेला आणा.

## किती वेळ थांबायचं

गावाकडे शेतीची लाइट येते त्या क्षणाची आठवण करा. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री विहिरीवर जावं लागू नये म्हणून मोटारीला ऑटोस्विच लावलेला असतो. लाइट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, सगळ्यांचा भार एकदम पडतो, फ्यूज उडतो आणि लाइट पुन्हा जाते. ऑटोस्विच काढा असं आवाहन महावितरण करत असतं ते याच कारणाने. डीपी धडधाकट असते, सगळ्यांनी एकाच क्षणी मागितलेलं तिला झेपत नाही.

सर्व्हरचंही हुबेहूब असंच होतं. तो दोन मिनिटं बंद पडला, हजार प्रोग्राम 'एक सेकंद थांबून पुन्हा' करत बसले, आणि तो उठून उभा राहतो न राहतो तोच हजारही एकदम अंगावर आले. पुन्हा आडवा.

उत्तराचा पहिला भाग, दर खेपेला थांब दुप्पट करत न्यायची: १, २, ४, ८, १६ सेकंद. याला एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ म्हणतात. अडचण लहान असेल तर पहिल्या-दुसऱ्या खेपेत काम होतं, मोठी असेल तर आपण आपोआप मागे सरतो. दुपटीला छत हवं, नाहीतर अकराव्या खेपेनंतरची थांब १०२४ सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांवर जाते. सर्व्हरवरचे प्रोग्राम कंटेनर नावाच्या डब्यांत चालवून सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये सतत कोसळणारा कंटेनर पुन्हा सुरू करताना मूळ हिशोब असाच असतो: १० सेकंद, २०, ४०, असं करत पाच मिनिटांपर्यंत, त्यापुढे वाढ नाही.

पण नुसत्या दुपटीने मोटारींचा प्रश्न सुटत नाही. सगळे एकाच क्षणी चुकले असतील तर सगळेच १ सेकंदाने येतील, मग सगळेच २ सेकंदांनी. म्हणून दुसरा भाग, ज्याला जिटर म्हणतात: दुपटीने आलेली थांब ही त्या खेपेची कमाल धरायची आणि शून्य ते कमाल यांच्यामधली कुठलीही यादृच्छिक संख्या घ्यायची. कमाल ८ असेल तर एक प्रोग्राम ०.७ सेकंदाने येईल, दुसरा ५.३ ने, तिसरा ७.९ ने. भार पसरतो.

ही युक्ती वेबपेक्षा खूप जुनी आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या गटाने बेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले, त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. दोन ठिकाणं एकाच वेळी बोलली की संदेश एकमेकांवर आदळून खराब व्हायचे, मग प्रत्येकाने यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. पुढे केबलने कॉम्प्युटर जोडणाऱ्या इथरनेटने त्यात दुपटीची भर घातली. पहिल्या टकरीनंतर ० किंवा १ खाचा (खाच म्हणजे वेळेचा एक ठरलेला तुकडा) थांबा, दुसऱ्या टकरीनंतर ० ते ३, असं दहाव्या टकरीपर्यंत ० ते १०२३. तिथे छत. सोळा प्रयत्नांनंतर नाद सोडायचा आणि वरच्याला कळवायचं. मूळ १० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये ही खाच ५१.२ मायक्रोसेकंदांची होती. दुपटीची वाढ, छत, यादृच्छिकता आणि सोडून देण्याची मर्यादा हे चारही भाग तिथे आहेत. आपण लिहिणार आहोत त्यातही हेच चार आहेत.

## कधी सोडून द्यायचं

'तीन रिट्राय' म्हणजे एकूण तीन प्रयत्न की पहिला धरून चार? टीममध्ये यावरून वाद होतात, आणि निरनिराळ्या लायब्ररी निरनिराळा अर्थ लावतात. मी पॅरामीटरला 'एकूण_प्रयत्न' नाव देतो, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

प्रयत्नांच्या संख्येखेरीज एकूण वेळेची मुदतही हवी. पुढे उभा राहून विनंत्या मागच्या सर्व्हरकडे देणारा एनजिनएक्स, वेगळं काही सांगितलं नाही तर, मागच्याच्या उत्तरासाठी ६० सेकंद वाट बघतो. तुमचा रिट्राय ९० सेकंद चालला तर ग्राहकाला ५०४ केव्हाच गेलेला असेल आणि तुम्ही कुणासाठीच नसलेलं उत्तर मिळवत बसाल. प्रत्येक प्रयत्नालाही स्वतःचा टाइमआउट लागतो. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत तो तुम्ही दिल्याशिवाय नसतोच, त्यामुळे पहिलाच प्रयत्न अनंतकाळ अडकला तर रिट्रायपर्यंत पाळीच येत नाही.

आणि रिट्राय एकाच थरात ठेवा. ॲप सेवेला विचारतं, सेवा दुसऱ्या सेवेला, ती डेटाबेसला. तिन्ही थरांनी तीन-तीन प्रयत्न केले तर एका क्लिकमागे आधीच धापा टाकणाऱ्या डेटाबेसवर २७ विनंत्या पडतात. तुम्ही वापरता त्या लायब्ररीच्या पोटात आधीपासून रिट्राय आहे का, हे बघा. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या (एडब्ल्यूएस) एसडीकेंमध्ये, म्हणजे तिच्याशी बोलायच्या तयार लायब्ररींमध्ये, स्टँडर्ड पद्धतीत एकूण तीन प्रयत्न आधीच होतात. त्यावर तुमचा लूप चढवला की गुणाकार सुरू.

## आता साधन बांधू

```
पुन्हा_कर(काम, तात्पुरती_का, एकूण_प्रयत्न = ४,
          पाया_सेकंद = १, छत_सेकंद = २०, मुदत_सेकंद = ३०):
    सुरुवात = मोनोटॉनिक वेळ
    क्र १ पासून एकूण_प्रयत्न पर्यंत:
        काम चालव, जमलं तर उत्तर देऊन बाहेर पड
        चूक आली तर:
            तात्पुरती_का(चूक) नाही म्हणालं तर चूक तशीच वर फेक
            क्र = एकूण_प्रयत्न असेल तर चूक तशीच वर फेक
            कमाल = छत_सेकंद आणि पाया_सेकंद × २^(क्र − १) यांतलं लहान
            थांब = ० ते कमाल यांमधली यादृच्छिक संख्या
            चुकीत सर्व्हरने वेळ सांगितली असेल तर थांब = ती वेळ + थांब
            गेलेला वेळ + थांब > मुदत_सेकंद असेल तर चूक तशीच वर फेक
            नोंद: कितवा प्रयत्न, काय चूक, किती थांबतोय
            थांब सेकंद झोप
```

हिशोब करून बघा. चार प्रयत्नांच्या मध्ये तीन थांबे, फार तर १ + २ + ४ म्हणजे ७ सेकंद. प्रत्येक प्रयत्नाला ५ सेकंदांचा टाइमआउट धरला तर २० आणि ७ मिळून २७, मुदतीच्या आत. आकडे निवडताना ही बेरीज कागदावर करा.

शेवटच्या प्रयत्नानंतर झोपायचं नाही. चूक वर फेकण्याची ओळ झोपेच्या आधी आहे ती म्हणूनच; माझ्या जुन्या कोडमध्ये पाचव्या अपयशानंतरही एक सेकंद फुकट जायचा. वर फेकताना मूळ चूकच फेका. "पाच प्रयत्न फसले" एवढंच कळवलं तर का फसले ते हरवतं. सर्व्हरने सांगितलेल्या वेळेतही थोडं जिटर मिसळलंय, कारण '३० सेकंदांनी या' हे त्याने सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. आणि ती वेळ मुदतीत बसत नसेल तर ताटकळण्याऐवजी काम रांगेत टाकून ग्राहकाला 'नंतर कळवतो' म्हणणं बरं.

## चाचणी, न झोपता

झोपणारा कोड तपासताना खरोखर झोपायचं नाही. 'झोप' आणि 'वेळ' ही दोन फंक्शनं बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या. चाचणीत खोटी झोप द्यायची: ती फक्त किती सेकंद सांगितले ते यादीत लिहिते आणि खोटं घड्याळ तेवढं पुढे सरकवते. मग अर्ध्या तासाची कहाणी मिलिसेकंदांत संपते. एवढं तपासा: दोनदा चुकून तिसऱ्यांदा जमणारं काम नीट उत्तर देतं का, कायमच्या चुकीवर झोप एकदाही होत नाही ना, सगळे प्रयत्न फसल्यावर मूळ चूकच बाहेर येते का, आणि सर्व्हरने वेळ सांगितलेली सोडून एकही थांब छतापेक्षा मोठी नाही ना.

हे सगळं स्वतः एकदा लिहा, मग तयार लायब्ररी खुशाल वापरा. पायथनमध्ये टेनॅसिटी, जावात रेझिलियन्स-फोर-जे, डॉटनेटमध्ये पॉली. फक्त त्यांच्या मूळ सेटिंग्ज वाचून. टेनॅसिटीचं डेकोरेटर काही न सांगता लावलं तर ते चूक येत राहील तोवर, मध्ये अजिबात न थांबता, कायम प्रयत्न करत राहतं. प्रयत्नांची मर्यादा घातली की शेवटी मूळ चुकीऐवजी स्वतःची रिट्राय एरर देतं. मूळ हवी असेल तर रीरेझ खरं करावं लागतं.

सरावासाठी आज संध्याकाळी एक छोटा सर्व्हर लिहा. पहिल्या दोन विनंत्यांना ५०३, तिसरीला २००. त्यावर तुमचं साधन चालवून लॉग वाचा. मग सर्व्हर असा बदला की तो काम लगेच करून टाकेल पण उत्तर दहा सेकंदांनी देईल, तुमचा टाइमआउट पाचच ठेवा, आणि सर्व्हरच्या बाजूला ते काम किती वेळा झालं ते मोजा.